मागच्या सीटवरचा घाट

सत्तावीस वर्षं मी या रस्त्यानं गेले
आणि रस्ता पाहिला नाही.
समोर पाठ असायची.
खाकी जर्किन, कॉलरवर घामाची रेघ,
उजव्या कानामागं एक तीळ.
पुढून जे काही यायचं
ते आधी त्यांच्या खांद्यांत कळायचं:
खड्डा असेल तर वर, म्हैस असेल तर आत.

माझ्या वाट्याला बाजू होती.
बालिंग्याचा पूल म्हणजे कठड्याच्या पट्ट्या
आणि फटीफटीतून भोगावती.
साळवण म्हणजे मळीचा वास.
मग कारवी, कातळ,
आकडा वाचून होण्याआधी मागं गेलेले मैलाचे दगड.
करूळ घाटात मी पाठीवर बोट टोचून म्हणायचे,
ते बघा, खाली एकच घर आहे, लाल कौलांचं.
ते म्हणायचे, बघितलं.

यंदा त्यांचा गुडघा बदलला.
बुलेट चौऱ्याण्णवची, किक उजव्या पायाची.
फिजिओवाल्या पोरीनं 'किक' एवढं ऐकूनच मान हलवली.
गिऱ्हाईक लागलं होतं कळंब्याचं,
रविवारी टोकन घेऊन येणार होतं.
मी शनिवारीच उद्यमनगर गाठलं.
दस्तगीर मिस्त्री हात पुसत म्हणाले,
"वैनी, ताकदीचं काम न्हाई हे.
काटा मधे येऊ दे. मग लाथ."
शेंडा पार्कच्या माळावर तेवीस सकाळी
मी काटा मधे आणत राहिले.
एकदा किक उलटी आली, पोटरी आठवडाभर निळी.
चोविसाव्या सकाळी ती बोलली,
आणि माळावर चरणारी दोन गाढवं पळाली.

आता डिसेंबर.
उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या,
मागं दिवा नाही, पुढं गाणं कर्कश.
माझ्यामागं साहेब, हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासलेला.
फुलेवाडीपासून त्यांचा डावा पाय
नसलेला ब्रेक दाबतोय,
आणि प्रत्येक दाब मला कमरेत कळतोय.
गिअर पाड. पाडलाय.
हॉर्न दे. दिलाय.
माले, ट्रॅक्टर!
अहो, बालिंग्यापासून ट्रॅक्टरच आहे तो.

रस्ता पुढून असा असतो तर.
वळण आधी दिसतच नाही.
दिसतो नुसता एक कठडा,
रस्ता संपल्यासारखा,
आणि त्याच्या वर आभाळ.
आभाळाकडं बघितलं की गाडी आभाळाकडं जाते.
हे मला मिस्त्रींनीही सांगितलं नव्हतं.
जिथं जायचंय तिथंच बघायचं,
बाकीचं सगळं, कितीही असो,
कडेला राहू द्यायचं.

गगनबावड्याला चहा. त्यांना बिनसाखरेचा.
गुडघा चोळत म्हणाले, करूळनंच ना?
मी काटा मधे आणला.
दुसऱ्या लाथेला लागली.
डावीकडं करूळ. मी हात उजवीकडं दाखवला.
भुईबावड्यानं आम्ही कधीच उतरलो नव्हतो:
रस्ता अरुंद, साइडपट्टी खचलेली,
त्यांची कारणं मला पाठ.
ते काही बोलले नाहीत.
पाय तेवढा दाबला.

तिसऱ्या वळणाला खालून एस.टी. आली.
मी कडेला, चाकाखाली खडी, छातीत भाता.
ती गेली. धूळ बसली.
दोन वळणं मागं आवाजच नाही.
मग मागून, कधी न ऐकलेल्या सुरात:
"अगं, ते बघ."
काय?
"खाली. घर. नाही, देऊळ असेल, पांढरं आहे.
थांब, धूर निघतोय, म्हणजे घरच.
अंगणात कोणतरी हात पसरून...
छे, बुजगावणं."
ते सांगत राहिले, चुकत, खोडत, पुन्हा सांगत.
हा माणूस लग्न ठरवताना
माझ्याशी एकूण चार वाक्यं बोलला होता.
गाडी सेकंडला गुरगुरत होती.
एक कठडा गेला, दुसरा आला.
त्यांचं बोट माझ्या खांद्यावर टोचलं.
"बघितलंस का?"

"बघितलं," मी म्हटलं,
आणि आभाळ टाळून
डावीकडं वळले.